सीतादह्याची कविता

साठ-एकसष्ट साल असेल. दारव्ह्याच्या शाळेत आमच्या दहावीच्या वर्गात मुली दोघीच, बसायचो एकाच बाकावर. मी वावरवाल्या, शेतीच्या घरची, ती सायकली दुरुस्त करणाऱ्या मुसलमान मिस्त्रीची. कवितेचं रसग्रहण म्हटलं की माझंच नाव निघायचं, आणि ते तसंच निघत राहावं अशी माझी देवाला तंबी होती.

त्या साली यवतमाळला रसग्रहणाची स्पर्धा होती, सभागृहात उभं राहून कविता वाचायची आणि तिचा अर्थ सांगायचा. एका शाळेतून एकच जण. मराठीचे सर नवीन, पुण्याकडचे. त्यांनी आम्हाला स्पर्धेसाठी एक कविता दिली. एक बाई दहीभाताचं भांडं घेऊन वावरात जाते, सगळीकडे भात शिंपडते आणि रिकामं भांडं घेऊन हसत घरी येते. बस, एवढंच.

कवितेत काहीतरी लपवलेलं असतं आणि ते हुडकून काढायचं, अशी माझी समजूत. मी दोन पानं हाणली. दही म्हटल्यावर कृष्ण आलाच! बाई म्हणजे गवळण, भांडं म्हणजे देह, रिकामं भांडं म्हणजे वैराग्य. सर मान डोलवत होते. मग त्यांनी तिला विचारलं. तिच्या हातात कागदसुद्धा नव्हता.

"सर, सीतादही आहे हे," ती म्हणाली. "कापसाची पहिली वेचणी असली का बाया वावरात सात खडे मांडतात, पूजा करतात अन् दहीभात पराटीवर, म्हंजे कापसाच्या झाडायवर, शिंपडतात. भांडं रिकामं झालं म्हनून ते बाई हसली. आता घर कापसानं भरन ना!"

सरांनी कविता पुन्हा वाचली, आणि काय सांगू, ओळ न ओळ उघडी झाली. आमच्याच घरातून आई दरवर्षी दहीभात घेऊन जायची, पण पुस्तक सोडून मी वावरात कायले जाऊ? माझ्या अंगाची नुसती आग झाली. अर्थ बरोबर होता, ते मला चाललं असतं. तो तिला सुचला, हे चालत नव्हतं. यवतमाळला तीच जाईल, असं सरांनी तिथंच सांगून टाकलं.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "सर, सीतादह्याचं मीच सांगितलं होतं तिला. रिवाज आमचा, तिला कुठून माहीत असणार?"

"मग तू का नाही लिहिलंस?"

"म्हटलं, तुम्हाला गावठी वाटेल."

सरांना पटलं. इतकं पटकन पटलं की तिचं नाव खोडून त्यांनी तिथंच माझं लिहिलं, आणि मीच जरा घाबरले.

ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. ती भांडलीच नाही. तिसऱ्या दिवशी बाकावर हळूच म्हणाली, "भांडं रिकामं झालं म्हनशीन तवा जरा थांबजो. घाई नको करू. लोकायले भांडं दिसू दे."

म्हणजे घ्या! हरूनसुद्धा मलाच शिकवून राहिली होती! माझा जळफळाट झाला. पण यवतमाळला त्या ओळीवर मी थांबले, आणि अख्खं सभागृह चिडीचूप झालं. पहिला नंबर आला.

घरी आल्या आल्या आईपुढे बक्षीस नाचवलं आणि तिला सगळं वाचून दाखवलं. आई तूर निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"हे त मिस्तरीच्या पोरीचं बोलनं होय," ती म्हणाली. "तिच्या मायसंगं येते ना ते आपल्या वावरात कापूस वेचाले. सात खडे दरसाल तेच शोधून आनते. दहीभाताचा पहिला घास मी तिलेच देतो."

लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, नाही वाटली.

"अन् मले?" मी ओरडले. "मले कायले नाई दिला कधी?"

आईनं सूप खाली ठेवलं.

"तू आली कधी वावरात, बाई?"