मुहूर्ताआधी पुसलेल्या नोंदी

आमचा कारखाना अंबडला. सिन्नरला दुसरा सुरू होणार होता आणि त्याला वेगळा डेटाबेस हवा होता. मालकांचे पुतणे म्हणजे आमचे साहेब. त्यांनी सोपा मार्ग काढला: अंबडच्या डेटाबेसचा सगळा सांगाडा एका फाइलमध्ये उतरवायचा, फाइंड-रिप्लेसने ‘अंबड’च्या जागी ‘सिन्नर’ करायचं आणि चालवायचं.

डेटाबेस मी सांभाळते. मी यादीच पुढे ठेवली. टेबलांची नावं बदलतील. पण आतल्या काही प्रोग्रॅममध्ये कारखान्याचं नाव सरळ लिहिलेलं नाही, ते चालताना तुकड्यांतून जुळतं. फाइंड-रिप्लेसला ते दिसणार नाही. प्रत्येक प्रोग्रॅम उघडून पाहायला वेळ द्या, म्हटलं. साहेबांनी तोवर फाइल चालवूनही टाकली होती.

“मॅडम, तुमच्या याद्या संपेपर्यंत मुहूर्त टळेल. एरर आला का? नाही ना? मग झालं!”

एरर आला असता तर निदान थांबलो असतो.

खंडेनवमीला यंत्रपूजा. सिन्नरची पहिली नोंद मुहूर्तावरच, कोऱ्या डेटाबेसमध्ये व्हावी ही साहेबांची हौस. म्हणून पूजेआधी त्यांनी स्वतः चाचणीच्या नोंदी पुसणारा प्रोग्रॅम सिन्नरमधून चालवला. त्यातलं नाव तुकड्यांतून जुळणारं, म्हणून अंबडचंच राहिलं होतं; त्याने अंबडच्या खऱ्या तपासणी-नोंदी पुसल्या. रात्रीच्या बॅकअपमधून जुन्या परत आणल्या. त्या सकाळच्या गेल्या त्या गेल्याच.

नेमका त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाचा माल निघाला होता. त्याने तपासणीचा अहवाल मागितला, तर सिस्टीममध्ये काहीच नाही. माल तपासणारे गृहस्थ कंत्राटी, दिवाळीला कायम होणार होते. साहेबांनी ठरवून टाकलं, यांनी न तपासता माल सोडला.

“ताई, एकेक नग हातात घेतलाय मी. तुम्ही सांगा ना त्यांना.”

मी सांगितलं. कोणता प्रोग्रॅम, कोणाच्या लॉगिनवरून चालला, सगळं लेखी दिलं.

“सणासुदीचं कशाला उकरताय?” साहेब म्हणाले. “सिस्टीम तुमची आहे. नाव तुमचंच येईल.”

मी मालकांकडे गेले. ते “बघतो” म्हणाले. पुतण्याकडे बघितलं असेल बहुतेक.

दिवाळीआधी त्या गृहस्थांचं कंत्राट संपवलं. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. “ताई, तुम्ही माझ्यासाठी बोललात, एवढं पुष्कळ झालं. मनाला लावून घेऊ नका.”

नोकरी गेलेला माणूस माझी समजूत घालत होता, आणि त्या क्षणी मला राग आला तो त्यांचाच. निदान ओरडायचं तरी होतं.