अंदमानचा पस्ताना

२००२ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शिक्षण तिसरीपर्यंत, पुढचं सगळं हातोडीनं शिकवलं. नाशकात तांबट आळीत चाळीस वर्षं तांब्या-पितळेची भांडी घडवली आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण आता तो पहिल्यासारखा गोड लागत नाही.

मुलगा सरकारी नोकरीत. त्याला प्रवासाची सवलत मिळाली आणि त्यानं अंदमानची तिकिटं काढली. तो, सून, मी आणि आमची ही. आळीत बातमी पसरली. "काय हो, म्हातारपणी काळ्या पाण्याची शिक्षा झाली का?" असं जो तो विचारायचा. हिला मात्र थट्टेचं काही वाटत नव्हतं. तिनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्र्यंबकच्या पुढे मी तिला नेलंच नव्हतं.

महिनाभर तयारी चालली. लाडू झाले, चिवडा झाला, डांगराचं पीठ झालं. सुनेनं वाळूत चालायला रबरी चपला आणल्या आणि काळा गॉगल. ही नऊवारीवर गॉगल लावून आरशासमोर उभी राहिली.

"अहो, बघा ना. कशी दिसते?"

"मोतीबिंदू काढल्यासारखी," मी म्हणालो.

"तुम्हाला मेलं कौतुक कशाचं नाही," म्हणाली, पण गॉगल तासभर काढला नाही.

निघायच्या दिवशी अमावस्या होती. विमानाला पंचांग कळत नाही. मग हिनं ठरवलं, दोन दिवस आधी चांगल्या वेळेवर समोरच्या वहिनींकडे पस्ताना ठेवायचा. म्हणजे आपल्या सामानातलं गाठोडं शुभ वेळेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. आपण निघालो असं धरायचं. खरं निघताना ते तिथूनच उचलायचं, मागे वळून बघायचं नाही. आणि एकदा ठेवलेला पस्ताना घरात परत आणायचा नाही.

पस्ताना ठेवायच्या दिवशी सकाळी मुलगा बॅग भरत होता. मी तिच्यात फिरकीचा तांब्या ठेवला. आट्यांचं झाकण असलेला, प्रवासात पाणी न सांडणारा. लग्न झालं त्या वर्षी हिच्यासाठी घडवला होता, दोघं कुठेतरी जाऊ म्हणून. अंगभर मठारलेला, एक ठोका इकडचा तिकडे नाही.

मुलानं तो काढून परत फडताळात ठेवला. "आबा, हे धूड कशाला? विमानात सामान वजन करून घेतात."

"मग पाणी कशात पिणार?"

"बाटल्या मिळतात तिथे. आपण काय काशीला चाललोय? घाला मोडीत, नुसता धूळ खातोय."

तो हसत म्हणाला. सूनही हसली. आज कळतं, त्यात वाईट काही नव्हतं. पण माझं डोकं फिरलं.

"तुम्ही जा. मी येत नाही. पाया पडलात तरी येणार नाही."

मुलानं दोन दिवस समजावलं. मी ऐकलं नाही. हिनं वादात एक शब्द घातला नाही. त्याच दुपारी वेळ साधून पस्ताना ठेवून आली, एवढंच. तिला वाटलं असेल, निघेपर्यंत उतरेल याचा राग. तो उतरला नाही. मला सोडून ती जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी बसून राहिलो.

मुलगा आणि सून गेले. त्यांची गाडी वळल्यावर मी हिला म्हणालो, "जा, तुझं गाठोडं घेऊन ये."

"परत आणायचा नसतो," ती म्हणाली. "ठेवलाय, तर निघेन कधीतरी."

फडताळात बघितलं तर तांब्या नव्हता. मुलानं जाता जाता मोडीत घातला, असं मी धरून चाललो. विचारलं कुणालाच नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवसापासून मुलाशी कामापुरतं बोललो. एका घरात राहून पाच वर्षं. का, ते त्याला कळत नव्हतं आणि मी सांगत नव्हतो.

ते दोघं परत आल्यावर ही एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होती. "पाणी गरम असतं का रे गार?" तिनं विचारलं. मुलगा सांगायला लागला. मी उठून बाहेर गेलो.

२००७ च्या हिवाळ्यात ती गेली. ताप आला, आठ दिवसांत खेळ संपला. तेरावं झालं त्या संध्याकाळी समोरच्या वहिनी ओट्यावर आल्या.

"भावजी, तिचा पस्ताना माझ्याकडेच आहे. तुमच्या घरात आणता येत नाही. काय करू?"

मी त्यांच्या घरी गेलो. गाठोडं सोडलं. हळद, सुपारी, किडे पडलेले मूठभर तांदूळ. एक लुगडं. रबरी चपला, तळाला किमतीची चिठ्ठी तशीच. माझा धुतलेला सदरा, घडी घातलेला. आणि सदऱ्यात गुंडाळलेला फिरकीचा तांब्या.

बॅगेत नाही तर पस्तान्यात, पण तिनं तो बरोबर घेतला होता. माझ्या सदऱ्यासकट. मी एकदा तोंड उघडून विचारलं असतं, तर ती लगेच म्हणाली असती, पस्तान्यात आहे. गाठोडं होतं तसं बांधलं, तिथेच ठेवलं आणि घरी आलो. मुलगा जेवायचा थांबला होता. त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून वहिनींच्या दारातून गाठोडं उचललं आणि घराकडे न बघता चालू लागलो. मागून मुलाचा आवाज आला, "आबा, काय झालं?"

मी मागे वळलो नाही. म्हणालो, "चपला घाल आणि ये माझ्याबरोबर."

स्टँडवरच्या नळाला तांब्या भरला. फिरकी पहिल्या आट्यालाच बसली. मुलगा तांब्याकडे बघत राहिला. त्याला सगळं सांगितलं, गाडी त्र्यंबकच्या पुढे जाईपर्यंत. आणि कंडक्टर आला तेव्हा म्हणालो, "दोन डहाणू, समुद्राकडे जायचंय."