सव्वीस नंबरचा पत्रा

उत्तम साळवे मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पुस्तकांच्या रॅकमध्ये बसून चहा पीत होता. जालन्यात मस्तगडला त्याचं दुकान. लोखंडी रॅकचा वरचा कप्पा काढलेला आणि खालच्या कप्प्यावर हा साठीचा, नव्वद किलोचा गडी पाय सोडून बसलेला. मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. मी दारातच थबकलो. तो काही उतरला नाही. म्हणाला, "या मामा, बसा खुर्चीत. मला अजून पाच मिनिटं बसायचंय."

प्रत्येक रॅक विकण्याआधी तो असा बसायचा, हे मला पुढं कळलं. उठला की कप्प्याखालून हात फिरवायचा, पत्र्याला पोट आलंय का बघायचा. "माणसाचं वजन काहीच न्हाई मामा," म्हणायचा. "माणूस उठून जातो. पुस्तक एकदा बसलं की उठत न्हाई."

मला रॅक पाहिजे होता नातीसाठी. वैष्णवी वकिलीचं शिकते, तिची पुस्तकं विटेएवढी जाड. घरातलं लाकडी फडताळ वाळवीनं खाल्लं, त्यासोबत तिची दोन पुस्तकंही. फडताळाला वाळवी लागलीय हे ती वर्षभर सांगत होती, मी ऐकलं नव्हतं. म्हणून या खेपेला मजबूत वस्तू मीच आणतो असं घरात सांगून मंठ्याहून एकटाच निघालो होतो.

मिस्त्रीनं भाव सांगितला, कप्पे वीस नंबरच्या पत्र्याचे म्हणाला. मी म्हणालो, मला सव्वीस नंबरचा पाहिजे. तो हसला. म्हणाला, "पत्र्याचं उलटं असतं मामा. नंबर मोठा तितका पत्रा पातळ."

असं जगात कुठं असतं? साडेसातची मोटर पाचपेक्षा जास्त पाणी ओढते. खताच्या दुकानात वीस-वीसपेक्षा दहा-सव्वीस-सव्वीसचं पोतं महाग. मी शाळा चौथीपर्यंत केली, पण चाळीस वर्षं खत घेतलंय, आणि हा मला नंबर शिकवतो! त्यानं दोन्ही पत्र्यांचे तुकडे आणले, चिमटीत धरून बघा म्हणाला. मी हात मागं घेतला. चार गिऱ्हाइकं बघत होती. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, "हलका माल भारी म्हणून गळ्यात बांधतोस. चोर आहेस तू."

तो तुकडे जागेवर ठेवून आला.

दोन गल्ल्या सोडून मला सव्वीस नंबरचा रॅक मिळाला, तोही आठशे रुपयांनी स्वस्त. त्या दुकानदारानं काही शिकवलं नाही, मागितलं ते दिलं. गावात मी आठ दिवस सांगत फिरलो की जालन्याच्या बाजारात मला कोणी फसवू शकत नाही.

तीन आठवड्यांत कप्प्यांना पोट आलं. मी म्हणालो, लोखंड आहे, बसेल जागेवर. एका दुपारी मी ओसरीत पडलो होतो आणि आतून असा आवाज झाला की मला वाटलं भिंत पडली. धावत गेलो. मधला कप्पा वाकून सुटला होता, सगळी पुस्तकं पुढं घसरली आणि त्या भारानं रॅक आडवा झाला. वैष्णवी रोज जिथं बसून वाचते, बराबर तिथंच. तिच्या उशीत रॅकच्या लोखंडी अँगलचा कोपरा घुसला होता. पोरगी कुठं दिसेना. मी पुस्तकं उपसायला लागलो. मग पाहिलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभी. पाणी प्यायला उठली होती.

तिनं तांब्या खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "त्या दुकानदारानं फसवलं आजोबा तुम्हाला."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मस्तगड गाठलं. जन्मात कोणापुढं मान खाली घातली नव्हती, ती घालून म्हणालो, मिस्त्री, मी तुला चोर म्हणालो होतो. तो माझ्याकडं बघतच राहिला. "कधी?" म्हणाला. त्याच्या ध्यानातच नव्हतं. "महिन्यात दोघं-तिघं म्हणतात मामा. सगळ्यांना मोठाच नंबर पाहिजे असतो." मी रात्रभर कूस बदलत होतो आणि याच्या गावीही नाही. खरं सांगतो, मला अपमानच वाटला.

मग मी त्या दिवशी चिडून कसा निघालो, सव्वीसचा रॅक कसा घेतला आणि तो कसा पडला, सगळं सांगितलं.  पोरीला लागलं न्हाई ना, हे त्यानं तीनदा विचारलं. डोकं धरून बसला आणि म्हणाला, "मीच चुकलो. तुम्ही चिडून निघाल्ते तेव्हा रस्त्यावर येऊन हात धरायला पाहिजे होता." चोर म्हटलेला माणूस मलाच असं म्हणत होता. 

नवा रॅक त्यानं विकला नाही. म्हणाला, उभे अँगल चांगले आहेत, उगाच खर्चा करू नका. वीस नंबरचे पाच कप्पे घेऊन स्वतः गावी आला. भिंतीला भोकं पाडून रॅक पक्का आवळत होता, तेवढ्यात वैष्णवी आली. त्याला म्हणाली, "काका, त्या दुकानदारानं आजोबांना कसा माल दिला बघा ना."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"तो दुकानदार मीच पोरी," तो म्हणाला. "पत्र्याचा नंबर समजावून सांगायला चुकलो मी."

पोरगी वकिलीची. तिनं त्याला सोडलं नाही. काका-बिका काही नाही, चार पैशांसाठी माणसांच्या जिवावर उठता, म्हणाली. माझ्या डोक्यात पडला असता तर माझ्या आईला काय सांगितलं असतं, म्हणाली. तो खाली मान घालून बोल्ट आवळत राहिला. "बराबर आहे तुझं," एवढंच म्हणाला. काम झालं, पिशवी उचलली, गेला.

मागच्या महिन्यात मस्तगडाहून आलेल्या एका पाव्हण्यानं सहज सांगितलं, साळवे मिस्त्री गेला. दुकानातच छातीत कळ आली. मी ओसरीत जाऊन बसलो. वैष्णवीनं विचारलं, कोण गेलं? मी नाव सांगितलं.

"ते? खोटा पत्रा देणारे?"

अंगावर वीज पडावी तसं झालं मला. माणूस गेला आणि माझं पाप त्याच्या नावावर राहिलं. मी तिला सगळं सांगितलं. वीस, सव्वीस, चोर म्हणालो ते, सगळं. ती ऐकत होती. रडेल वाटलं, रडली नाही.

म्हणाली, "मी त्यांना इतकं बोलले, आजोबा. तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

तिथंच होतो. त्याच्या शेजारी, त्याचा पाना हातात धरून.