गुरुजींनी धाडलेला मेसेज

कामशेतपासून चार-पाच मैलांवर आमचं गाव. तिथल्या शाळेत मी जन्मभर शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही गावात माझ्या शब्दाला वजन राहिलं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माजही होता.

यंदा जत्रेआधीच्या बैठकीत पोलीसपाटलांनी मला उभं केलं. द्वेषपूर्ण भाषण म्हणजे काय, ते पोरांना समजावा म्हणाले. मी घसा साफ करून सांगितलं: एखाद्या माणसाशी भांडणं वेगळं. पण तो ज्या जातीत, ज्या धर्मात जन्मला ते सगळेच वाईट, त्यांच्यापासून लांब राहा, असं लोकांच्या मनात भरवणं म्हणजे द्वेषपूर्ण भाषण. उदाहरणं दिली ती सगळी व्यासपीठावरची, माईकवर ओरडणाऱ्यांची. मागे बसलेले आमचे मुलाणीभाऊ मध्येच उठून गेले. मला वाटलं, तंबाखू थुंकायला गेले असतील.

आमच्या जत्रेत बोकडावर सुरी चालते ती गावच्या मुसलमान मुलाण्याचीच. त्याशिवाय नैवेद्य शिजत नाही, ही जुनी रीत. जत्रेच्या दिवशी ते आलेच नाहीत. हात दुखतोय, असा निरोप आला. दुपार कलली तरी चुली थंड. शेवटी मीच त्यांना आणायला घरी गेलो, चांगला ऐटीत.

त्यांनी आधी चहा दिला, मग मोबाइल पुढे केला. गावच्या ग्रुपवरचा माझाच मेसेज होता. मुसलमानांच्या दुकानातून काही घेऊ नका, त्यांच्या हातचं खाऊ नका. बैठकीच्या चार दिवस आधी मला तो कुणीतरी पाठवला होता आणि मी पुढे ढकलला होता. न वाचता ढकलला, असं सांगायची फार इच्छा होते. पण वाचला होता. शब्द माझे नाहीत, मग मला काय, असं तेव्हा वाटलं होतं.

"भाऊ, ते मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. बोलतानाच लाज वाटली.

"ठावं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनी धाडलं आसतं तर म्या बगितलंबी नसतं. पर गुरुजींचं हाय म्हनल्यावर लेकीला म्हनलं, नीट वाचून दाव, माजीच ऐकन्यात चूक व्हत आसंल. तिनं तीनदा वाचलं."

धार लावलेली सुरी कोनाड्यात दिसत होती. चला म्हणायला आलो होतो; मोबाइल तेवढा परत त्यांच्या हातात दिला. लेक दारातच उभी होती. तिला वाचायला मीच शिकवलं होतं.