समोरच्या दाराची चावी

माझे हात रिकामे राहत नाहीत, हा माझा जुना रोग आहे. शाळेत पेनांची टोपणं चावून चपटी करायचे, कॉलेजात ओढणीचे गोंडे सोडवत बसायचे. घरून काम सुरू झालं तेव्हा तर कहर झाला. माझं काम म्हणजे हेडफोन लावून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची. कान त्यांच्याकडे, तोंड "हो सर, समजलं सर" म्हणण्यात गुंतलेलं, आणि हात मोकाट. वर्षभरात मी टेबलाच्या कडेचा सनमायका चांगला वीतभर उचकटून काढला.

नवरा म्हणाला, "आता भिंतीला लागशील. विणकाम वगैरे कर काहीतरी." केलं. चार बोटं मफलर झाला आणि कोपरखैरण्यात मफलर घालणार कोण, या विचाराने सुया कपाटात गेल्या.

मग एकदा मोबाइलवर उगाच बोट फिरवताना एक व्हिडिओ दिसला. कुणीतरी माणूस चावीशिवाय कुलूप उघडत होता. फक्त त्याचे हात दिसत होते. घाई नाही, झटापट नाही. त्या हातांचा मला चक्क हेवा वाटला. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला आणि त्याच संध्याकाळी सरावाचं पारदर्शक कुलूप मागवलं. सोबत एक छोटं पाकीट आलं, त्यात वाकड्या टोकांच्या पातळ सळया आणि एक पट्टी. नवऱ्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. "चोराचं सामान आता घरपोच. टेन्शनच नाही!"

कुलपाच्या पोटात बारीक पिना ओळीने उभ्या असतात. चावी त्या सगळ्यांना एकदम योग्य उंचीवर उचलते. चावी नसेल तर एका पट्टीने कुलपाला हलकासा पीळ द्यायचा आणि दुसऱ्या सळईने एकेक पिन वर ढकलायची. पिन जागेवर बसली की बोटाला कळतं. एवढंच. पण या 'एवढंच'मध्ये माझे नऊ दिवस गेले. पीळ जास्त पडला की सगळं अडकतं, कमी पडला की बसलेल्या पिना घसरतात. मी चिडायचे, पाकीट फेकायचे, पाच मिनिटांनी उचलून आणायचे. दहाव्या दिवशी एक गृहस्थ फोनवर तावातावाने बोलत असताना तिसरी पिन बसली, मागोमाग चौथी, आणि कुलूप उघडलं. मी म्हणाले, "वा!"

"माझा फ्रिज बंद पडलाय आणि तुमी वा म्हणता?" ते गृहस्थ ओरडले. त्यांची मी मनापासून माफी मागितली. हात मात्र कुलूप बंद करून पुन्हा पहिल्या पिनेला लागले होते.

पारदर्शक कुलपाचा लवकरच कंटाळा आला. बोनकोड्यात एक जुनं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकांकडे गंजकी, चावी हरवलेली कुलपं खोक्यात पडलेली असायची. मी मागितली तेव्हा ते म्हणाले, "बाय, याची चावी नाय हाय. काय करनार नेऊन?" मी म्हटलं, मला चावी नसलेलीच हवीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मंगळसूत्राकडे, आणि बहुधा बाई चांगल्या घरची दिसते असं ठरवून खोकं पुढे सरकवलं.

या छंदाचे दोन नियम असतात, आणि शिकवणारा प्रत्येक जण ते आधी सांगतो. जे कुलूप आपलं नाही ते उघडायचं नाही. जे रोजच्या वापरात आहे, त्यालाही हात लावायचा नाही. मी मान डोलावली होती. नियम पाळायला मला काय जड होतं?

आमच्या मजल्यावर दोनच घरं. समोर काकू राहतात, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. काका गेल्यापासून एकट्याच, मुलगी लग्न होऊन करंजाड्याला. त्यांच्या घराची जादा चावी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे, असं अकरा वर्षं चाललं होतं. आमच्या दारामागे चार खुंट्यांची लाकडी पट्टी आहे. तिच्या शेवटच्या खुंटीवर काकूंची चावी, लाल लोकरीत ओवलेली. त्या गावाला गेल्या की मी त्यांच्या तुळशीला पाणी घालायचे. कधी मला बाहेर उशीर झाला तर त्या आमच्या घरात शिरून कुकर लावून ठेवायच्या. सोसायटीत सगळ्यांचं असंच असतं. बँकेतल्या ठेवी कुणाला सांगत नाहीत, पण घराची चावी समोरच्याकडे असते.

काकू रोज सकाळी गॅसवर दूध ठेवतात आणि ते वर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर रांगोळी काढून घेतात. लोखंडी जाळीचं दार सताड उघडं, आतलं लाकडी दार चपलेचा अडसर लावून अडवलेलं. त्या सकाळी जिन्यातून वारा आला, चप्पल सरकली आणि दार धाडकन बंद झालं. लॅच लागलं. मी आवाज ऐकून बाहेर आले तर काकू रांगोळीने पांढरी झालेली बोटं दारावर टेकवून उभ्या.

"अगं, दूध आहे गॅसवर! चावी आण लवकर."

मी आत पळाले. खुंटी दारामागेच होती. लाल लोकर मला दिसली, हे मी आज कबूल करते. ती मला स्पष्ट दिसली. पण तिच्या शेजारच्या टेबलावर सळयांचं पाकीट होतं, आणि महिनाभर माझी बोटं खऱ्या दाराच्या लॅचसाठी शिवशिवत होती. दोन मिनिटांचं काम, मला वाटलं. मी पाकीट घेऊन बाहेर आले.

"चावी?" काकू म्हणाल्या.

"थांबा काकू, एक मिनिट. गंमत बघा."

एक मिनिट गेलं. दोन गेली. दाराखालून आधी दुधाचा वास आला, मग करपल्याचा. काकू मागे उभ्या राहून काहीतरी म्हणत होत्या, मला फक्त पिना ऐकू येत होत्या. चौथी पिन घसरली, मी पहिल्यापासून सुरुवात केली. सात मिनिटांनी लॅच फिरलं. आत धूर झाला होता, पातेलं करपून काळं पडलं होतं. काकूंनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "चावी हरवली का गं तुमच्याकडची?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," मी म्हणाले, "आहे की."

त्यांनी मान हलवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा शांतपणे त्या म्हणाल्या, "बरं. ये तू आता."

चार दिवसांनी त्यांच्या दाराला नवीन लॅच बसलं. ड्रिलचा आवाज मी हेडफोनमधूनही ऐकला. नव्या लॅचची चावी आमच्याकडे आली नाही. आमची चावी मात्र त्यांनी परत केली नाही, ती त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात तशीच राहिली. हे मला जास्त लागलं. जुन्या चावीचा आता काही उपयोग नव्हता, तरी मी ती एक दिवस काढून ड्रॉवरमध्ये टाकली, कारण येता-जाता ती लाल लोकर बघवत नव्हती. माझी चिडचिड वाढली. नवऱ्यावर, गिऱ्हाइकांवर, काकूंवरसुद्धा. एवढं काय झालं? एक पातेलंच तर गेलं. मी स्टीलचं नवीन पातेलं नेऊन दिलं. त्यांनी "कशाला गं" म्हणत ठेवून घेतलं. जिन्यात भेटलो की हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. मी कुलपांचं खोकं माळ्यावर टाकलं, दोन दिवसांनी खाली काढलं, पुन्हा टाकलं.

मग दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी तोच धाडकन आवाज आला. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. काकू कुरिअर घ्यायला बाहेर आल्या होत्या, हातात पाकीट होतं आणि मागे दार बंद. कुरिअरवाला निघून गेला होता. आमची बेल वाजेल म्हणून मी वाट पाहिली. ती वाजली नाही. काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या.

मीच दार उघडलं. त्यांचा मोबाइल आत राहिला होता, म्हणून माझ्या फोनवरून मुलीला लावून दिला; नव्या लॅचची दुसरी चावी तिच्याकडे होती. तिला यायला दीड तास तरी लागणार होता. गॅस बंद आहे ना, हे मी दोनदा विचारून घेतलं.

"तुला उघडता येईल ना हे?" काकूंनी नव्या लॅचकडे बोट दाखवलं.

येईल, मला खात्री होती. बोटं वळवळायला लागली होती. "येईल," मी म्हणाले, "पण नको. ती चावी घेऊन येऊ दे."

त्या आमच्या घरात यायला तयार होईनात. मी ऑफिसात सुट्टी टाकली, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पॅसेजमध्ये मांडल्या, आणि हातांना काहीतरी हवंच म्हणून मेथीच्या दोन जुड्या आणल्या. आम्ही एक जुडी निवडून संपवली.

"पातेल्याचं काही नव्हतं गं," काकू एकदम म्हणाल्या. "मी मागे रडकुंडीला आले होते. सारखं म्हणत होते, चावी आण, चावी आण. आणि दार उघडल्यावर तू वळलीस तेव्हा हसत होतीस."

मला हसल्याचं आठवत नव्हतं. पण मी हसले असणार, हे मला लगेच पटलं. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "चुकलं काकू माझं," मी म्हणाले. इतक्या महिन्यांत हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. पातेलं नेऊन दिलं होतं.

काकू माझ्या ढिगातल्या जाड काड्या काढून बाजूला टाकत राहिल्या.

मुलगी आली. काकूंनी तिच्याकडून चावी घेतली, स्वतः दार उघडलं आणि चावी तिलाच परत दिली. मी खुर्च्या उचलत होते. आत जाता जाता काकू थांबल्या.

"सकाळी उठलेली असतेस ना सातला? मी रांगोळी काढेपर्यंत दार धरत जा. चप्पल काही राहत नाही बघ."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांचं दार धरून उभी असते. ठिपके घालून होईपर्यंत आतून दुधाचा वास येतो, माझी बोटं लॅचच्या पितळेवरून फिरतात, आणि कधी कधी काकू खाली वाकूनच विचारतात, "आहेस ना?" मी हो म्हणते. आमच्या दारामागची शेवटची खुंटी अजून रिकामी आहे.