अगहन म्हणजे आपला कार्तिक

माधवगंजातल्या रमाकांत गुरुजींना कुणी तिथी विचारली, की ते पंचांग न उघडताच उत्तर देत, आणि मग उत्तर बरोबर होतं हे दाखवायला पंचांग उघडत. सत्तरी ओलांडली तरी हा तोरा गेला नव्हता. ग्वाल्हेरात हे काम सोपं नाही. वद्य पक्षात मराठी माणसाचा कार्तिक चालू असतो, तेव्हा हिंदी शेजाऱ्याचा अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागलेला असतो. तिथी तीच, दिवस तोच, नाव मात्र पुढच्या महिन्याचं. यावरून एखाद्या नव्या भटजीची फजिती झाली, की गुरुजी गालातल्या गालात हसत.

म्हणून त्या सकाळी विनिताचा फोन आला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. विनिता इंदरगंजात राहणारी, त्यांच्या जुन्या यजमानांची, हिंदी घरात दिलेली मुलगी. "गुरुजी, तयारी झाली आहे, आप निकले क्या?" तिनं विचारलं. तिच्या आईचं वर्षश्राद्ध त्याच दिवशी होतं आणि गुरुजी निवांत चहा पीत बसले होते. संगणकातल्या त्यांच्या शीटमध्ये ते महिनाभर पुढे होतं. तिनं आधी फोनवर अगहन बदी सप्तमी सांगितली, यांनी मार्गशीर्ष वद्य सप्तमी लिहिली, आणि दोन दिवसांनी मराठी पंचांगातून तारीख काढली. आयुष्यभर ज्या चुकीला हसले, तीच करून बसले.

श्राद्ध दुपारचं, म्हणून वेळ हातची गेली नव्हती. सोवळं पिशवीत कोंबून गुरुजी टेम्पोत बसले, धापा टाकत पोचले, आणि सगळं यथासांग झालं. विनितानं जेवताना आग्रहानं वडा वाढला. तो त्यांनी पानाच्या कडेला सारला.

मुलगा सुश्रुत नोकरीसाठी भोपाळला, त्यामुळे घरात गुरुजी आणि सून गरिमा, दोघंच. यजमानांची नावं, तिथ्या, तारखा यांची ती शीट तिनंच बनवून दिली होती. संध्याकाळी ती बाडा चौकातल्या ऑफिसातून आली, तशी गुरुजींनी दिवसभराची हकिगत सांगितली आणि म्हणाले, "पुसून टाक ती शीट. आता बास. डोकं चालेना माझं."

गरिमानं वाद घातला नाही. जवळ बसून तिनं एवढंच विचारलं, की तारीख फोन चालू असतानाच का भरत नाही? गुरुजींनी बरेच आढेवेढे घेतले. मग कबूल केलं, की त्या तिरप्या रेघा सापडत नाहीत. एका बोटानं कशीबशी तारीख लिहावी, तर ती शीट पाच नोव्हेंबरचा अकरा मे करून टाकते. तोवर पलीकडचा माणूस ताटकळतो. त्यापेक्षा तिथी लिहायची आणि फोन ठेवायचा, तारीख मागाहून सवडीनं.

"मग दिमाग ठीक आहे बाबा तुमचं," गरिमा म्हणाली. "तारीख बाद में भरता, तिथे गडबड होते. विनिताताई फोनवर असत्या तर त्यांनीच टोकलं असतं."

एवढं बोलून तिनं तारखेच्या रकान्याला नियम लावला, की इथे तारखेशिवाय काही चालणार नाही. आता चौकटीवर दोनदा टिचकी मारली की छोटं कॅलेंडर उघडायचं, हव्या त्या दिवसावर एक टिचकी, की तारीख भरली. शेजारच्या चौकटीत वारही आपोआप येईल असं तिनं करून ठेवलं. "यात तिथी कुठाय?" गुरुजींनी कुरकुर केली. तिथी तुमच्या पंचांगात, ती म्हणाली. मग गुरुजी जेवायची वेळ होईस्तोवर टिचक्या मारत बसले. त्या भरात कुणाकुणाची श्राद्धं भलत्याच दिवशी पडली, ती गरिमानं निस्तरली.

डिसेंबरात पुन्हा विनिताचा फोन आला. ती आता दुसरा भटजी बघेल, असं गुरुजींनी धरूनच ठेवलं होतं. सासऱ्यांचं श्राद्ध आहे, माघ बदी दशमीला, ती म्हणाली.

गुरुजींनी मांडीवर पंचांग ओढलं आणि पडद्यावर कॅलेंडर उघडलं. "हिंदी माघ ना? म्हणजे आपली पौष वद्य दशमी. जानेवारीत, मंगळवार येतो. बरोबर?"

"हाँ, मंगळवारच. और गुरुजी, दुसऱ्या कुणाला मी बोलवणार नव्हते."

फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले. गरिमाला हाक मारून त्यांनी तिचा वाढदिवस विचारला. तिनं तारीख सांगितली. त्यांनी कॅलेंडर उघडलं, तो दिवस निवडला, आणि यजमानाच्या नावाच्या रकान्यात एका बोटानं, सावकाश लिहिलं: गरिमा. पत्ता: घर.

"त्या दिवशी कुणी बोलावलं तरी मी जायचा नाही," ते म्हणाले. "तुझ्यामुळे मी अजून गुरुजी आहे."

तिथीचा रकाना रिकामा राहिलाय, एवढंच गरिमानं दाखवलं.

"तुझ्या आईला विचार," गुरुजी म्हणाले. "मराठी की हिंदी, ते मी बघतो."