घासलेटच्या डब्यातला आवाज

भोंग्यावर मी पुष्कळ बोललो आहे. निपाणीत, सदलग्यात, पार काकतीपर्यंत — घसा बसेस्तोवर बोललो आहे. पण ही एक गोष्ट आजवर तोंडातून बाहेर काढलेली नाही. आईजवळ नाही, संघटनेतल्या कुणाजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुमच्याजवळ बोलायला धजतोय. हाही भित्रेपणाच, व्हय की.

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते. तो पहिल्याच ओळीत गुन्हेगाराचं नाव घालतो, जाड टायपात. वर 'जाहीर निषेध', खाली नाव. आज मला ते जमत नाहीये. मी आधी नाटकाचं सांगतो. नाटकाचं सांगायला बरं वाटतं.

त्या वर्षी आमच्या सीमाचळवळीच्या सभांना परवानगी मिळेना. पत्रकं वाटावीत तर विड्या वळणाऱ्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं. तेव्हा कमल म्हणाली, "सभा नको, पत्रक नको. टेपवर नाटक भरूया. लोकांनी बसून नुसतं ऐकायचं." कमल आमच्यात एकटीच सायन्सची. बौद्ध वस्तीतलं घर. तिचे वडील — आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो — जन्मभर तंबाखूच्या वखारीत हमाली करत आलेले, आणि त्या हमालीवर लेकीला कॉलेजात घातलेलं. "भाषणं लई करतोस तू," ती मला म्हणायची. "पत्रकबहाद्दर! लोकास्नी हसव की जरा."

आणि तिनं लिहिलं ते काय होतं! व्हिक्टोरिया राणीच्या अमलातले तिघं — एक कर्नल, एक नकाशेवाला साहेब आणि एक मडम — वाफेवर चालणाऱ्या पितळी यानातून दुसऱ्याच एका ग्रहावर उतरतात. उतरल्या उतरल्या कर्नल चहा मागतो. नकाशेवाला खडूनं जमिनीवर रेघ मारतो आणि तिथल्या लोकांना बजावतो — रेघेच्या अलीकडं ही भाषा बोलायची, पलीकडं ती. नवराबायको रेघेच्या दोन बाजूंना अडकतात आणि भांडायचं कुठल्या भाषेत यावरून भांडतात. आता हे ऐकून सीमाभागातला माणूस हसणार नाही तर काय करणार?

आवाज आम्हीच काढले. वाफ म्हणजे प्रायमस स्टोव्ह. त्या ग्रहावरचं गवत म्हणजे तंबाखूची वाळकी पानं, माइकजवळ चुरगाळायची. तिथल्या माणसांचे आवाज घुमावेत म्हणून मी घरची तांब्याची घागर आणली होती. तोंड घागरीत घालून बोलायचं. पोरं पाळीपाळीनं बोलली. मडम स्वतः कमल.

शेवटचा प्रवेश आप्पांचा. पहिली कॅसेट भरली होती म्हणून तो दुसऱ्या कॅसेटवर घेतला. मडमला तहान लागते. त्या ग्रहावरचा एक म्हातारा तिला पाणी देतो. ती पिते, आणि भोवतीचे लोक कुजबुजायला लागतात. काय झालं, ती विचारते. म्हातारा सांगतो, "मडम, माझ्या हातचं पाणी तुम्ही प्यालासा. ह्यास्नी ते चालत न्हाय. साहेबाची रेघ काल आली. आमची लई जुनी हाय."

आप्पांनी ते एका दमात म्हटलं. यंत्र तसंच फिरत राहिलं. शेवटी आप्पाच म्हणाले, "आरं, यंत्र बंद करा की! अजून काय बोलू मी?" — आणि आम्ही सगळे हसलो.

पहिला कार्यक्रम बोरगावात ठरला. भोंगा, बॅटरी, जागा, सगळं बाळाप्पाअण्णांचं. गावातले मोठे शेतकरी, चळवळीला पहिल्यापासून हात देणारे. आदल्या दिवशी मी त्यांना दोन्ही कॅसेट ऐकवल्या. रेघेवर ते पोट धरून हसले. पाण्याचा प्रवेश संपला तेव्हा तळहातावर तंबाखू-चुना मळत होते. "काय रं," म्हणाले, "परग्रहावर बी वस्ती गावाबाहेरच व्हय?" आणि हसले. मीही हसलो.

एवढंच. 'ते काढ' असं अण्णा म्हणाले नाहीत. हे मला नीट सांगायला हवं — कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्यावरच ढकलत आलोय.

घरी आलो. दुसरी कॅसेट यंत्रात घातली, मागं घेतली, लाल बटण दाबलं आणि आप्पांच्या आवाजावर माझं भाषण भरलं. विषय काय? सीमाभागातला मराठी माणूस एक आहे! कोरी कॅसेट नव्हती का? होती. हाताशीच होती. मग तीच का पुसली? कारण राहिली असती तर कमलनं ती कुठंतरी, कधीतरी लावली असती. अण्णांसारखे दहा अण्णा उठून गेले असते. मला माणसं जमलेली हवी होती. कुठली माणसं — ते तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कमल आणि आप्पा एसटीनं बोरगावात आले. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कमलच्या आप्पांचा आवाज भोंग्यावर येणार म्हणून तिथल्या वस्तीतल्या बायाही आल्या होत्या. मंडळी पाराभोवती बसली. वस्तीतली माणसं शाळेच्या भिंतीकडं, जरा अंतरावर. त्यांना तिकडं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. तशी गरज तरी कुठं होती? कमल आणि आप्पा त्यांच्यातच बसले.

रेघेला हशा झाला. नवराबायकोच्या भांडणाला तर माणसं मांडीवर थापा मारत होती. मग मी कॅसेट बदलली. आप्पा सरसावून बसले, शेजारच्या बाईला हातानं गप्प केलं. आणि भोंग्यातून आला माझा आवाज — "बंधूंनो आणि भगिनींनो!" मी यंत्राकडं बघत राहिलो. भिंतीकडं बघवेना.

"आप्पाचं काय झालं रं?" कमलनं नंतर विचारलं.

"टेप गुंडाळली गं यंत्रात. वाया गेली. म्हणून दुसरी भरली."

"मग सांगायचं न्हाय व्हय? परत घेतलं असतं की."

"असू दे गं," आप्पा म्हणाले. "माणसाचं पोट बिघडतंय, यंत्राचं बिघडणार न्हाय?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "भाषण झ्याक झालं तुझं."

परत घेऊ, मी म्हणालो. घेऊ, घेऊ म्हणत पावसाळा गेला. नाटक गावोगाव वाजलं — माझ्या भाषणासकट. थंडीत आप्पा गेले.

दिवस झाल्यावर कमल आमच्या दारात आली. "ती गुंडाळलेली टेप दे," म्हणाली. "चुरगाळली असली तरी चालंल. मी बसून सरळ करते. फोटो हाय रं त्याचा. आवाज न्हाय."

"ती तर कधीच फेकली गं."

"बरं," म्हणाली. एवढंच. आणि गेली.

झालं, असं म्हणून मी इथं थांबणार होतो. पण अजून एक आहे. मघाशी घागरीचं सांगितलं — तिथं मी तुम्हालाही पुरतं सांगितलेलं नाही.

आप्पांचा प्रवेश घ्यायच्या दिवशी खोलीत घागर नव्हती. आदल्या संध्याकाळीच मी ती घरी नेऊन ठेवली होती. आप्पांसाठी आणला होता घासलेटचा रिकामा डबा. "घागर घरी लागतीया," मी म्हणालो. आई मला काही बोलली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. पाणी भरायची घागर, आणि आप्पांचं तोंड — माझं मीच ठरवलं होतं. कमल खाली मान घालून माइकची वायर सोडवत बसली. ती वायर गुंतलेली नव्हती. आप्पांनी डब्यात वाकून पाहिलं. आत घासलेटचा वास होता. "ह्यात बी घुमतंय की," म्हणाले, आणि त्या डब्यात तोंड घालून त्यांनी ते पाण्याचं वाक्य म्हटलं.

त्यांना कळलं असेल का? कशाला हा प्रश्न! कळलं होतं. दोघांनाही कळलं होतं. आणि तरी आप्पांनी पाठीवर हात ठेवला.

कॅसेट मी फेकलेली नाही. माझं भाषण आप्पांच्या प्रवेशापेक्षा थोडं आखूड पडलं. कार्यक्रमात भाषण संपताच मी बटण दाबायचो, म्हणून कुणी कधी ऐकलं नाही. पण यंत्र चालू ठेवलं तर 'आपण सगळे एक!' या माझ्या आरोळीनंतर खट् असं वाजतं, पानं चुरगाळल्याचा आवाज येतो, आणि मग आप्पा — "आमची लई जुनी हाय." थोडं थांबून, "आरं, यंत्र बंद करा की! अजून काय बोलू मी?" मग आम्ही सगळे हसतो. त्यात माझं हसणं ओळखू येतं.

कमल निपाणीतच असते. हायस्कुलात विज्ञान शिकवते. तिचं घर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बाजारात भेटली की विचारते, "काय पत्रकबहाद्दर, नवं काय?"

काही नाही, मी म्हणतो.

कॅसेट माझ्या कपाटात आहे. अजून मी ती तिला दिलेली नाही.